एकशे अठ्ठावीस रियालचं गाव

रत्नम्मा माझ्याकडे कागद घेऊन येते ते बँकेचे, गॅसचे, नाहीतर औषधाच्या खोक्यातले. इंग्रजी अक्षर दिसलं की तिची पावलं आपोआप माझ्या ओसरीकडे वळतात. ३१ मेला, शनिवारी सकाळी ती आली तेव्हा हातातल्या कागदाला घडीसुद्धा घातलेली नव्हती. दोन्ही तळहातांवर ताटासारखा धरून आणला होता.

"अक्का, वाचा. आमच्या अनिलचा हाय. तिकडं समुद्राकाठी राहायला महिन्याला किती लागतंय, समदं लिवलंय."

मी चष्मा लावला. वर ठळक अक्षरांत मथळा होता: परदेशातून आलेल्या नोकरदारांचा मासिक खर्च. त्याखाली ओमानच्या किनाऱ्यावरच्या त्या लहान गावाचं नाव, जिथं रत्नम्माचा एकुलता एक मुलगा अनिलकुमार गेल्या वर्षापासून एसी दुरुस्तीचं काम करतो. मग रकाने. एका खोलीचं घर, समुद्रापासून पायी दहा मिनिटं: पंचाहत्तर रियाल. वीज आणि पाणी बारा. किराणा, दूध, भाजी बावीस. इंटरनेट दहा. बस पाच. शेवटी, मध्यम दर्जाच्या उपाहारगृहात दोघांचं एक वेळचं जेवण, चार. बेरीज एकशे अठ्ठावीस. रियालला सव्वादोनशे रुपये धरले तर सगळं एकोणतीस हजारांच्या आत.

"स्वस्तच आहे म्हणायचं," मी म्हणाले, आणि म्हणून झाल्याबरोबर मला कसंसंच वाटलं. इंग्रजी फारच चांगलं होतं. अनिलला दहावीला इंग्रजीत पस्तीस गुण मिळाले होते, आणि त्यातले पाच मी पाठ करून घेतलेल्या रजेच्या अर्जाचे होते. हा मुलगा 'मध्यम दर्जाचं उपाहारगृह' असं इंग्रजीत लिहील, हे मला पटेना.

"हे अनिलनं लिहिलं?"

"मग कुणी? नागेंद्रच्या दुकानात छापून घेतलं, पर धाडलं त्यानंच. आता तुम्ही सांगा, मी जाऊ का न्हाई?"

प्रश्न नुसता जाण्याचा नव्हता. जायचं म्हणजे, अनिलच्या म्हणण्याप्रमाणे, घर विकून जायचं होतं. आमच्या भालकीच्या बसस्टँडच्या रस्त्यावर रत्नम्माच्या दोन खोल्या आहेत, पुढं पत्र्याची शेड. त्या जागेला आता बावीस लाख द्यायला गिऱ्हाईक तयार होतं. ते गिऱ्हाईक उदगीरचं, आणि आणलेलं नागेंद्रनं. नागेंद्र म्हणजे तिच्या समोरचा झेरॉक्सवाला; तो तिकिटंही काढून देतो आणि, अलीकडे असं दिसतं, जागाही. आषाढ लागायच्या आत खरेदीखत व्हावं म्हणून त्यानं १६ जूनचा सोमवार ठरवूनही टाकला होता. सोळा दिवस हातात होते, आणि माझ्या एका 'हो'वर ती अंगठ्याला शाई लावायला तयार होती. अंगठा म्हणते खरी. कानडीत सही येते तिला, पण सरकारी कागदावर अंगठाच पक्का असं तिचं मत आहे.

रत्नम्माला मी चव्वेचाळीस वर्षं पाहते आहे. ती मूळची हुमनाबाद तालुक्यातल्या दुबलगुंडीची, जंगमाच्या, म्हणजे लिंगायत पुरोहितांच्या घरातली. सतराव्या वर्षी लग्न होऊन भालकीला आली. नवरा गुरुपादय्या इथल्या एका शाळेत शिपाई होता. घंटा वेळेवर द्यायचा आणि पगार उशिरा आणायचा, असं ती सांगते. २००९ साली तो काविळीनं गेला. तेव्हा अनिल आठवीत होता. महिनाभर ती घराबाहेर दिसली नाही, आणि एक दिवस शेडमध्ये तवा मांडून बसली. कडक भाकरी. ज्वारीची, कागदासारखी पातळ, तव्यावर भाजून निखाऱ्याशी वाळवलेली. महिनाभर टिकते. लातूर-उदगीरच्या गाड्यांवरचे ड्रायव्हर, वसतिगृहांतली पोरं, पुण्याला निघालेले संसार, सगळे तिच्याकडून चळत घेऊन जातात, आणि बरोबर पुडीत शेंगाची चटणी.

तिचा धंदा मी बारकाईनं पाहिला आहे. मन्नाएखेळ्ळीकडचा व्यापारी ज्वारीचं पोतं घेऊन आला की ती पोत्याच्या तळात हात घालते, वरचा दाणा बघतच नाही. एक दाणा दाताखाली फोडते, एक ओल्या तळहातावर चोळते. तेलवाल्याकडून तेल घेताना आधी रिकामा डबा तोलून घेते. सुट्टे पैसे आधी, भाकरी नंतर. गेल्या सोळा वर्षांत तिला कुणी फसवलं असेल तर ते मला ठाऊक नाही. मुलाचा शब्द मात्र ती न चावता गिळते.

त्या दिवशी कागद ठेवून घेऊन मी तिला परत पाठवलं आणि ती गेल्यावर जुनी रोजनिशी काढली. कॉन्व्हेंटमधल्या सिस्टरांनी बाराव्या वर्षी लावलेली सवय आहे. काय घडलं, कोण काय बोललं, कशाचा काय भाव होता, ते त्याच दिवशी लिहून ठेवायचं. ९ जानेवारी २०२२ ची नोंद सापडली. अनिल तेव्हा ओमानच्या राजधानीत होता आणि सुट्टीवर आला होता. ओसरीवर बसून म्हणाला होता: 'अक्का, मांस न खाणाऱ्या माणसाचं तिकडं हाल. एकट्याच्या पोटाला पस्तीस रियाल जातात. ज्वारीचं पीठ तर औषधासारखं मिळतंय.' पस्तीस. तीन वर्षांनंतर बावीस. गाव लहान असेल, घरभाडं कमी असेल, मान्य. पण भाजी स्वस्त कशी झाली? वाळूत मेथी उगवायला लागली काय?

मंगळवारी नागेंद्र स्वतःच आला. कडक इस्त्रीचा शर्ट, हातात फाइल. फाइल बघितली की मला माणसाचा संशय येतो. ज्याचं काम सरळ आहे तो फाइल घेऊन शेजाऱ्याकडे येत नाही.

"काकू, मावशी म्हणली तुम्ही कागद ठेवून घेतलाव. काय अडलं?"

"अडलं काही नाही. कागद कुणी लिहिला ते विचारायचं होतं."

"अनिलनं फोनवर पाठविला, मी छापला. एका कागदाचे पाच रुपये हुतात, तेबी न्हाईत घेतले. तुम्ही येवढा इचार कामून करायलाव?"

"बावीस लाखांचं घर आहे, नागेंद्र. पाच रुपयांचा विचार मी करत नाही."

तो हसला. "काकू, मावशीचं वय बघा. एकसष्ट. रोज त्या धुरात बसायली. पोरगं म्हणायलंय ये, समुद्रावर फिर, दोन घास माझ्या हातचे खा. गावातली लोकं आईला म्हाताऱ्यांच्या आश्रमात टाकायलेत, हा बोलवायलाय. ह्यात वंगाळ काय?"

वंगाळ काही सापडत नव्हतं, हीच माझी अडचण होती. त्याच्या बोलण्यात फट नव्हती. मी विचारलं, "इसार घेतला का तिनं?"

"घ्या म्हणलो पन्नास हजार. न्हाई घेत. अक्काला इचारून घेते म्हणती." हे सांगताना तो माझ्याकडे जरा रोखून पाहत होता.

"मग थांबू दे," मी म्हणाले.

तो गेल्यावर मी प्रश्न काढले. भाजी कुठून येते? दूध काय भाव? अव्वाला, म्हणजे आईला, कोणत्या व्हिसावर नेणार? ज्वारी मिळते का? रत्नम्मा रात्रीचं जेवण आटोपून आली, आणि मी एकेक प्रश्न सांगत गेले तसा ती फोन तोंडाशी धरून बोलत गेली. प्रश्न माझे आणि आवाज तिचा. अनिलला ते लगेच ओळखू आलं असणार, हे मला तेव्हा सुचलं नाही.

गुरुवारी, ५ जूनला, त्याचं उत्तर आलं. तेही बोलून पाठवलेलं. रत्नम्मानं फोन ओसरीच्या कट्ट्यावर ठेवला आणि आम्ही दोघी त्याच्याकडे बघत बसलो, जणू तोच आत बसला आहे.

"अव्वा, अक्काला सांग, हितं राजधानीपरीस समदं स्वस्त हाय. भाजी थोडी महाग, पर चालतंय. पाणी हाय, वारा हाय. ज्वारीचं पीठ दुसऱ्या गावात मिळतंय, आणता येतंय. आन मासळी तर इचारूच नगंस, पहाटं बाजारात गेलं की एका रियालला पिशवीभर तारली. व्हिसाचं बघतो मी, आधी फिरायचा काढू. तू फकस्त हो म्हण."

आवाज संपला. रत्नम्मानं फोन उचलला नाही.

जंगमाच्या घरातलं पोर. गळ्यात इष्टलिंग. लहानपणी आमच्या घरी दुधात केलेला केकसुद्धा 'अंडं हाय का?' विचारून मग तोंडाला लावणारा. त्याला तारलीचा भाव कसा ठाऊक? आणि भाव तरी नुसता ऐकीव नव्हता. पहाटे गेलं की, पिशवीभर. हे सांगणारा माणूस पिशवी घेऊन गेलेला होता.

"आणखी एकदा लावू का?" मी विचारलं.

"नगं." ती उठली. पायरीवर थांबून म्हणाली, "अक्का, लिंग तरी असंल का वो त्येच्या गळ्यात?"

दुसऱ्या दिवशी शेड बंद होती. तिसऱ्या दिवशीही. उदगीरच्या गाडीचा ड्रायव्हर हॉर्न वाजवून वाजवून निघून गेला. मला वाटलं, माझ्याच प्रश्नांनी हे झालं. पण खरं सांगायचं तर माझ्या मनात त्याहून पुढचं आलं होतं आणि ते मी तिच्याजवळ बोलले नव्हते. बावीस रियालात पोट भरतं ते घरात रांधणारी कुणी असली तर. मासे कुणासाठी तरी येत असणार.

रविवारी ती आली तीच म्हणत, "बायको केली आसंल का त्येनं?"

मी तिच्यापुढं पाण्याचा तांब्या सरकवला.

"केली आसंल तर केली. सून म्हणून तोंड तरी दावावं का न्हाई? चोरून मासं खाऊ घालायला मी काय पोलीस हाय?" मग डोळ्याला पदर लावून जरा बसली. "तिथं जाऊन मी कुणाच्या चुलीवर भाकरी थापू, अक्का? ज्या तव्यावर मासं शिजतंय त्या तव्यावर?"

"त्यालाच विचार ना सरळ."

"इचारलं की 'न्हाई' म्हणणार. मला जेवताना बघायचंय त्येला."

ही कल्पना तिची. मी प्रश्न काढले असते तर आणखी बारा काढले असते. तिनं अनिलकडे एकच गोष्ट मागितली: शुक्रवारी त्याला सुट्टी असते, त्या दिवशी दुपारचं जेवण माझ्यासमोर कर, फोनवर. कारण सांगितलं की तिच्या मनाला बरं वाटेल. तो तयार झाला.

१३ जून. त्यांचे दोन म्हणजे आपले साडेतीन. माझ्या जेवणाच्या टेबलावर आम्ही फोन पाण्याच्या तांब्याला टेकवून ठेवला. तिकडे त्यानंही कशाला तरी टेकवला होता. समोर अनिल, जमिनीवर मांडी घातलेला. गेल्या खेपेपेक्षा वाळलेला. ताटात भात, पातळ वरण, कोबीची भाजी. सदऱ्याची वरची दोन बटणं उघडी होती आणि दोऱ्यात लिंगाची चांदीची डबी दिसत होती. रत्नम्मानं ती बघितली, पण चेहरा हलवला नाही. दोरा काय, कुणीही कॅमेऱ्यापुढं घालून बसेल, असं माझ्याही मनात आलं.

"जेव," ती म्हणाली.

"अव्वा, बोल की काहीतरी. नुसतं बघायलीस तर घास उतरंना."

"उतरंल. जेव."

तो जेवला. आम्ही बघत होतो. गावातल्या, हवेतल्या गप्पा त्यानंच मारल्या, उत्तरं मी दिली. भात संपला. मग त्यानं, बोलता बोलता, लक्ष न देता, ताटात तांब्यातलं थोडं पाणी ओतलं, बोटांनी ताटाच्या कडा पुसून घेतल्या, आणि ताट उचलून ते पाणी पिऊन टाकलं. जंगमांच्या घरी अन्न हा प्रसाद. शीत वाया घालवायचं नाही म्हणून ताट असं धुऊन पितात. गुरुपादय्या पीत असे, रत्नम्मा पिते. शहरात गेलेली पोरं लाजेनं सोडून देतात. ह्यानं ते नाटक म्हणून केलं नव्हतं. त्याच वेळी तो मला बसच्या भाड्याबद्दल काहीतरी सांगत होता.

रत्नम्मानं श्वास सोडला. माझ्या दंडाला तिनं हात लावला. मला वाटलं, झालं, आता ही हो म्हणणार. सोमवारी अंगठा.

"लेकरा," ती म्हणाली, "तुझ्या मागं ते काय हाय रे?"

"कुठं? काय न्हाई."

"फोन फिरव जरा. डावीकडं. चुलीकडं."

"अव्वा, पसारा हाय."

"फिरव."

चित्र हललं. गॅसच्या शेगडीवर ॲल्युमिनियमचं एक पातेलं दिसलं, झाकण अर्धवट. मला ते पातेलं दिसलं. तिला त्यात आणखी काहीतरी दिसलं.

"ही देगची कुणाच्या लग्नातली?"

"भाताचं पातेलं हाय की अव्वा."

"ते मला कळतंय. दोन किलो तांदळाचं पातेलं हाय. एकटा माणूस दोन किलो तांदूळ शिजवतोय?"

"ते... शेजारच्यांचं हाय."

"शेजाऱ्याचा भात तुझ्या चुलीवर कामून शिजतोय? त्येला चूल न्हाई?" तिचा आवाज चढला नव्हता, पोत्याच्या तळात हात घालताना असतो तसाच होता. "सोळा वर्षं झाली मला तव्याम्होरं. एका माणसाचं भांडं मला वळखू येत न्हाई व्हय? दार दाव."

दाराशी चपला होत्या. मी मोजायच्या आधी ती म्हणाली, "पाच जोड." आणि तेवढ्यात लुंगी नेसलेला, खांद्यावर टॉवेल टाकलेला एक दांडगा माणूस आतल्या खोलीतून आला, फोनकडे बघून दचकला, मग दोन्ही हात जोडून मोठ्यानं "अम्मा!" म्हणाला आणि निघून गेला.

"ही तुझी बायको का?" रत्नम्मा म्हणाली.

मला हसू आवरेना. अनिललाही आवरलं नाही. त्या हसण्यात त्याचा सगळा धीर सुटला. मग त्यानं सांगितलं. दोन खोल्या, पाच माणसं. पंचाहत्तर रियाल भाड्याचे पाच वाटे. सगळ्यांचा स्वयंपाक एकत्र, म्हणून पोटाला बावीस. बाजार पाळीनं, ज्याची पाळी त्यानं पहाटे जाऊन मासळी आणायची. "मी खात न्हाई अव्वा, शपथ. पर पाळी चुकवली तर बाकीचे चौघं काय म्हणतील? पिशवी येगळी ठिवलीय. माझी भाजी आधी करून घेतो, मग त्यांचं कालवण."

"आन मी आले असते तर कुठं झोपले असते? त्या पैलवानाच्या शेजारी?"

"येगळं घर घेणार हुतो."

आता मी तोंड घातलं. "अनिल, तो कागद कुणाचा?"

"नेटवरचा हाय अक्का. परदेशी लोकांसाठी कुणीतरी लिहून टाकलाय. आकडे थोडे मी बदलले. नागेंद्रला म्हणलो, इंग्रजीतच छाप."

"इंग्रजीतच का?"

"कानडीत लिवलं असतं तर अव्वानं शंभर सवाल केले असते. इंग्रजी आलं की ती तुमच्याकडं घेऊन येती. आन तुम्ही व्हय म्हणलात की ती व्हय म्हणती."

मी खुर्चीत मागे टेकले. ३१ मेला कागद हातात घेतल्या घेतल्या मी जे म्हणाले होते, ते त्यानं तीन हजार मैलांवरून आधीच लिहून ठेवलं होतं जणू. मैल किती ते मला नक्की माहीत नाही. पण नेम बरोबर लागला होता.

"कशाला पाहिजे होते रे पैसे?" रत्नम्मानं विचारलं.

तेही बाहेर आलं. तो जिथं काम करतो त्या वर्कशॉपचा एक भागीदार वाटा विकून मायदेशी जाणार होता. पंधरा लाखांत तो वाटा अनिलला मिळाला असता. उरलेल्या सात लाखांत अव्वाचं तिकीट, व्हिसा, वेगळ्या घराचं भाडं. "किती दिवस दुसऱ्याच्या हाताखाली राबू अव्वा? तिशी आली. तू तिथं धुरात, मी हितं पाच जणांत. दोघं एका जागी राहिलो असतो. मी खोटं बोललो, पर तुला बोलवायचं खोटं न्हवतं."

"भागीदारीचा कागद हाय?"

"आत्ता तोंडी हाय. पैसे दिल्यावर कागद."

"मी ज्वारी तोंडी घेत न्हाई, अनिल."

"अव्वा, तो माणूस चांगला हाय."

"असंल. सात लाखांत भाडं किती दिवस भरलं असतंस?"

"दोन-तीन वरसं आरामात."

"आन मग?"

तिकडं पातेल्याशी कुणीतरी पळी वाजवत होतं. रत्नम्मानं "हात वाळला तुझा, उठ" म्हणून फोन बंद केला.

त्यानंतर दोन दिवस ती माझ्याकडे आली नाही, आणि मीही गेले नाही. माझ्या सांगण्याला आता किंमत किती उरली होती? विकू नको म्हटलं तर मुलाला आईपासून तोडलं. विक म्हटलं तर तोंडी सौद्यात ढकललं. शिवाय मला अजून नागेंद्रबद्दल खात्री होती की त्याचा यात मोठा हात असणार. सोमवारी सकाळी दहाच्या सुमारास मी छत्री घेऊन निघाले, भाजी आणायच्या निमित्तानं, आणि बरोबर तिच्या शेडसमोर पोचले तेव्हा नागेंद्रची रिक्षा येऊन थांबली.

रत्नम्मा तव्यापुढं बसली होती. जुनं लुगडं, हाताला पीठ. कचेरीत जायची कुठलीच तयारी नव्हती.

"मावशी, चला. उदगीरचे पाव्हणे कचेरीत येऊन बसलेत."

"विकायचं न्हाई."

"काय?"

"घर विकायचं न्हाई म्हणले. पाव्हणे लांबून आलेत, त्यांना उपाशी धाडू नगंस. घे, ह्या दहा भाकरी. चटणी येगळी. दीडशे दे."

नागेंद्र माझ्याकडे वळला. "काकू, लावून दिलंव ना तुम्ही?"

"मी? मी तर भाजीला चालले."

"पिशवी कुठाय?"

पिशवी मी विसरले होते.

तो फळकुटावर बसला. घामाघूम झाला होता. "मावशी, मला ह्यात काय मिळणार हुतं? दोन टक्के. चव्वेचाळीस हजार. अनिल माझा वर्गमित्र, त्यानं सांगितलं तसं केलं. पाच जण राहतात ते मला बी त्यानं न्हाई सांगितलं." आणि त्याचा चेहरा खरोखरच फसवलेल्या माणसाचा होता. मला याहून मोठं काहीतरी सापडेल असं वाटत होतं. दोन टक्के हा दलालीचा सरळ दर आहे, मीही चौकशी केली होती. खरं लिहायचं तर माझी थोडी निराशाच झाली.

त्यानं दीडशे रुपये ठेवले, भाकरी घेतल्या, आणि गेला.

अनिलचा फोन त्यानंतर आला नाही. एक दिवस, दोन दिवस, आठवडा. रत्नम्मा फोन तव्याशेजारी उभा ठेवायची. पिठाच्या बोटांनी तो सारखा उघडून बघितल्यामुळं काच पांढरी झाली होती. तिनंही केला नाही. "मी केला की त्येला वाटंल, अव्वा मऊ झाली." गिऱ्हाइकांशी ती नेहमीसारखी बोलायची, सुट्टे आधी मागायची. पण एका संध्याकाळी ओसरीवर येऊन म्हणाली, "अक्का, पोराच्या वाटंत मी आडवी तर न्हाई ना पडले? तो माणूस खरंच चांगला असला तर? तोंडी म्हणजे खोटंच असतंय असं कुठाय?"

"मला माहीत नाही, रत्नम्मा," मी म्हणाले. चव्वेचाळीस वर्षांत मी तिला हे वाक्य पहिल्यांदा सांगितलं असेल.

अकराव्या दिवशी, २७ जूनला, शुक्रवारी दुपारी ती जवळजवळ पळतच आली.

"आला हुता फोन."

"काय म्हणाला?"

"वाटा दुसऱ्यानं घेतला म्हणाला. रडला न्हाई. मग म्हणला, अव्वा, श्रावणात पंधरा दिवसांची रजा हाय, येऊ का? मी म्हणले, घर तुझं, इचारतोस कामून?"

माझ्या डोक्यात प्रश्न रांगेनं उभे राहिले. "रजा आधीच ठरली होती की आता काढली? तिकिटाचे पैसे कुणी दिले? आणि तो वाटा खरंच गेला, की दुसरा कुठला निघालाय? बरोबर कागद घेऊन येईल बघ."

"येऊ दे की कागद घेऊन. कुठल्या बी भाषेत येऊ दे. हितं समोर बसवून वाचू, वाचताना तोंड तर दिसंल." तिनं पदरानं कपाळ पुसलं. "राहायला येतोय का घर मागायला येतोय, ते आल्यावर कळंल, अक्का. दोन्हीसाठी आला तरी येऊ दे. त्या सोमवारी अंगठा दिला असता तर उतरला कुठं असता? नागेंद्रच्या दुकानात?"

मग तिनं श्रावणातला पहिला सोमवार कधी ते विचारलं. मी दिनदर्शिका बघून सांगितलं, २८ जुलै. तिनं बोटांवर आठवडे मोजले, पुढच्या खोलीला किती चुना लागेल ते मला विचारलं, माझ्या उत्तरावर विश्वास ठेवला नाही, आणि रंगवाल्याकडं स्वतः विचारायला निघून गेली.